हवाबंदपणाच्या चाचणीत एकाच घराचे दोन आकडे येत असतील तर: कोणती व्याख्या कुठे तपासावी

ही तक्रार पुन्हा पुन्हा येते आणि तिचे स्वरूप बहुधा सारखेच असते. एकाच फ्लॅटची किंवा बंगल्याची ब्लोअर डोअर चाचणी, म्हणजे दारात पंखा बसवून घरातून किती हवा गळते ते मोजणारी चाचणी, दोन वेगवेगळ्या संस्थांकडून करून घेतली जाते, एका अहवालात घर उत्तीर्ण ठरते आणि दुसऱ्यात नापास. मग मालक कंत्राटदाराला जाब विचारतो, कंत्राटदार अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे बोट दाखवतो आणि फॅब्रिकेटर म्हणतो की यंत्रच बिघडलेले असणार. माझ्या अनुभवात यंत्र क्वचितच दोषी असते. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचले, तर पंख्यातून प्रत्यक्ष किती हवा गेली हा मूळ आकडा पुष्कळदा दोन्हीकडे जवळपास एकच निघतो, आणि वेगळा निघाला तरी कारण बहुधा यंत्राबाहेरचे असते. त्या आकड्याला कशाने भागले, घराची हद्द कुठे धरली आणि चाचणीपूर्वी कोणती भोके बुजवली, या तीन ठिकाणी सगळी तफावत शिरलेली असते. त्यामुळे सिलिकॉनची गन हातात घेण्याआधी अहवालातील शब्द तपासावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नाहीतर जी गळती अस्तित्वातच नाही ती बुजवण्यात पैसा जातो आणि जी खरोखर आहे ती तशीच राहते.

गोव्यात हा गोंधळ अधिक होण्याचे कारण साधे आहे. आपल्याकडे घरांसाठी अशी चाचणी कायद्याने सक्तीची नाही. निवासी इमारतींसाठी केंद्राने काढलेल्या इको निवास संहितेचा २०१८ चा पहिला भाग भिंतींतून आत येणारी उष्णता, छपराची उष्णतावाहकता, उघडणाऱ्या खिडक्यांचे प्रमाण आणि काचेतून येणारा प्रकाश यांविषयी बोलतो. बंद घरातून ताशी किती हवा गळावी याची मर्यादा तो घालत नाही. त्यामुळे ज्यांना ही चाचणी हवी असते ते बाहेरच्या नियमांतून मजकूर उचलतात. मालक इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला गोमंतकीय असेल तर तिथला नियम येतो, सल्लागार अमेरिकेत शिकलेला असेल तर तिथला कोड येतो आणि कुणी पॅसिव्ह हाउस या अतिशय कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या पद्धतीविषयी वाचले असेल तर जर्मनीतील निकष येतो. करारात शेवटी एकच ओळ उरते: ‘गळती ५ पेक्षा जास्त नसावी.’ पाच काय, कशाचे आणि कशाला भागून, हे त्या ओळीत नसते, आणि तिथून पुढचे सगळे भांडण सुरू होते.

हे सारे आपल्या हवामानात इतके मनावर का घ्यावे, असे कुणी विचारील. जुलै महिन्यात बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. बेडरूममधला एसी २४ वर चालू असेल, तर आतल्या भिंतीचा, कपाटाच्या पाठीचा आणि स्विचबोर्डाचा पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली असतो, आणि बाहेरची हवा फटीतून येऊन ज्या ज्या जागी त्याला टेकते त्या त्या जागी पाणी धरते. एखाद्या बाहेरच्या भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडून पाहा. भिंतीत दडवलेल्या पीव्हीसी पाइपाच्या तोंडाभोवती काळपट वलय दिसते, स्क्रूंच्या डोक्यांवर गंज असतो, आणि त्या तोंडाजवळ पेटती उदबत्ती धरली तर धूर सरळ वर न जाता खोलीकडे झुकतो. रंगाचा हात कितीही वेळा दिला तरी तिथली बुरशी परत येते, कारण पाणी हवेबरोबर पाइपातून येते आहे. अशी जागा शोधायला चाचणी फार उपयोगी पडते. पण तिच्या आकड्यावर दोन माणसांचे एकमत व्हायचे असेल तर व्याख्या आधी पक्क्या असाव्या लागतात.

भागाकार तपासा

चाचणीत मुख्य दाराच्या चौकटीत पंखा बसवून घराच्या आत आणि बाहेर दाबाचा फरक निर्माण करतात. तुलनेसाठी ५० पास्कल हा फरक रूढ आहे. घराच्या सर्व बाजूंवर एकाच वेळी ताशी सुमारे ३३ किलोमीटरचा वारा थडकला तर जेवढा दाब पडेल तेवढा तो आहे. हा दाब टिकवण्यासाठी पंख्याला ताशी जितके घनमीटर हवा ढकलावी लागते, तितकी त्या दाबाला घराची गळती. मोजलेला आकडा हा एवढाच असतो. बाकी सर्व त्यावरून काढलेले आकडे आहेत.

उदाहरणादाखल पर्वरीतल्या एखाद्या मधल्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊ. हिशेब सोपा राहावा म्हणून तो आतून १० मीटर लांब आणि ७ मीटर रुंद आहे, स्लॅबपर्यंतची उंची २.९ मीटर आहे आणि ५० पास्कलला गळती ताशी १,२०० घनमीटर आहे असे धरू. कार्पेट एरिया ७० चौरस मीटर, घनफळ २०३ घनमीटर. गळतीला घनफळाने भागले की ताशी हवाबदल मिळतो, ज्याला एन५० किंवा एसीएच५० म्हणतात; तो येतो ५.९. त्याच गळतीला घराच्या आवरणाच्या, म्हणजे सहाही बाजूंच्या क्षेत्रफळाने (चार भिंती, फरशी आणि छत मिळून २३८.६ चौरस मीटरने) भागले, तर हवेची पारगम्यता मिळते. ती येते ५.०. फरशीच्या क्षेत्रफळाने भागले तर १७.१. आणि कुणी उत्साहाने फक्त मोकळ्या हवेला लागून असलेल्या दोन भिंतींचे क्षेत्रफळ धरले, कारण बाकीच्या बाजूंना शेजारी आहेत, तर भाजक ४९.३ चौरस मीटर होतो आणि उत्तर २४.३ वर जाते. फ्लॅट तोच आहे, फटी त्याच आहेत, दिवसही तोच आहे.

आता नियमांकडे पाहा. अमेरिकेतील इंटरनॅशनल एनर्जी कन्झर्व्हेशन कोडने २०१२ च्या आवृत्तीत उष्ण विभाग १ आणि २ साठी ५ हवाबदल आणि उरलेल्या विभागांसाठी ३ हवाबदल अशी मर्यादा ठेवली. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून लागू झालेल्या पार्ट एल या बांधकाम नियमात नव्या घरांसाठी कमाल पारगम्यता दर चौरस मीटरला ताशी ८ घनमीटर आहे. त्याआधी ती १० होती. पॅसिव्ह हाउसचा निकष ०.६ हवाबदल इतका कडक आहे. आपला उदाहरणातला फ्लॅट अमेरिकेच्या मर्यादेत नापास होतो आणि इंग्लंडच्या मर्यादेत आरामात उत्तीर्ण होतो, आणि दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत. करारात नुसते ‘५’ लिहिले असेल तर कंत्राटदार ५.० दाखवून बिल मागेल, मालक ५.९ दाखवून बिल अडवेल आणि दोघेही खोटे बोलत नसतील.

येथे चिन्हांचा एक सापळा आहे आणि तो अनुभवी माणसांनाही फसवतो. युरोपातील ईएन १३८२९ या २००० च्या मानकात क्यू५० हे चिन्ह पारगम्यतेसाठी होते, म्हणजे आवरणाच्या क्षेत्रफळाने भागून आलेल्या आकड्यासाठी. त्याची जागा घेणाऱ्या आयएसओ ९९७२ च्या २०१५ च्या आवृत्तीत क्यू५० म्हणजे भागाकार न केलेली संपूर्ण गळती, आणि आवरणाने भागलेल्या आकड्याला क्यूई५० म्हणतात, फरशीने भागलेल्याला क्यूएफ५०. जुन्या नमुन्यावर नवे आकडे भरलेले अहवाल येतात, तेव्हा चिन्ह वाचू नका, एकक वाचा. ‘घनमीटर प्रति तास’ असेल तर ती पूर्ण गळती. ‘घनमीटर प्रति तास प्रति चौरस मीटर’ असेल तर भागलेला आकडा, आणि मग चौरस मीटर आवरणाचे की फरशीचे हे विचारायचे. नुसते ‘प्रति तास’ असेल तर हवाबदल. सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत, दिलेला आकडा १.७ ने गुणला की ताशी घनमीटर मिळतात. आपल्या फ्लॅटचे १,२०० घनमीटर म्हणजे ७०६ सीएफएम, आणि एवढ्या साध्या रूपांतरावरूनही ‘पहिल्या चाचणीपेक्षा गळती अर्ध्यावर आली’ असा दावा झालेला मी वाचला आहे.

घनफळाची व्याख्याही तितकीच निसरडी आहे. आयएसओ ९९७२ मध्ये घनफळ आतल्या एकूण मापांवरून काढतात आणि आतल्या भिंतींची जागा वजा करत नाहीत. ईएन १३८२९ मध्ये निव्वळ फरशी आणि खोलीची सरासरी उंची धरत असत, आणि पॅसिव्ह हाउसच्या हिशेबात आजही खोलीनिहाय निव्वळ हवेचे घनफळच धरतात. आपल्याकडे घराचे क्षेत्रफळ म्हणून जो आकडा हाताशी असतो तो रेराचा कार्पेट एरिया. रेरा कायद्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी वा व्हरांडा आणि मोकळी गच्ची वगळलेली आहे, पण फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंती धरलेल्या आहेत. म्हणून कार्पेट एरियाला उंचीने गुणून येणारे घनफळ आयएसओच्या व्याख्येशी बऱ्यापैकी जुळते आणि निव्वळ घनफळापेक्षा मोठे असते. आपल्या फ्लॅटमध्ये पार्टिशनांनी ४ चौरस मीटर अडवले असतील, तर निव्वळ घनफळ १९१.४ होते आणि ५.९ चे ६.३ होतात. मापे घेणाऱ्याने उंची स्लॅबपर्यंत न घेता २.६ मीटरवरच्या फॉल्स सीलिंगपर्यंत घेतली, तर पार्टिशन वजा न करताही आकडा ६.६ होतो. बिल्ट-अप एरिया वापरला तर उलट दिशेने चूक होते आणि घर आहे त्यापेक्षा चांगले दिसते. अशा चुका जाणूनबुजून होतात असे मला वाटत नाही. विक्रीच्या कागदावरचा आकडा सोयीचा असतो म्हणून तो उचलला जातो. त्यामुळे अहवालासोबत मापांचा कच्चा तक्ता मागून घ्यावा आणि तो नसेल तर अहवाल अपुरा समजावा.

हद्द कुठे आहे

दुसरा प्रश्न हवाबंद सीमेचा. चाचणीपुरते घर कुठे संपते, हे नकाशावर एका अखंड रेषेने दाखवता आले पाहिजे. ती रेषा काढताना पेन्सिल कुठे अडखळते ते पाहा. बहुतेक वेळा वाद तिथेच असतो.

सर्वांत जास्त वेळा ती बाल्कनीत अडखळते. पावसाच्या झडीमुळे बाल्कनीला स्लायडिंग खिडक्या लावणे हे आपल्याकडे नित्याचे आहे, आणि कित्येक जण हॉल मोठा करण्यासाठी मधला दरवाजाही काढून टाकतात. आता ती बाल्कनी घराच्या आत आली, तिच्या स्लायडिंगच्या सगळ्या फटी पंख्याच्या आकड्यात मोजल्या जातात, पण रेराच्या कार्पेट एरियात ती नसल्यामुळे भाजकात ती येत नाही. अंश वाढला आणि छेद तसाच राहिला. मधला दरवाजा जागेवर असेल तर तो बंद करून त्यालाच सीमा मानणे योग्य, आणि तसे अहवालात लिहिणे आवश्यक. दरवाजा काढला असेल तर बाल्कनीची मापे घेऊन घनफळ आणि आवरण दोन्ही वाढवावे लागते.

शेजाऱ्यांच्या बाजूचा प्रश्न याहून किचकट आहे. आयएसओच्या व्याख्येत आवरण म्हणजे मोजल्या जाणाऱ्या भागाला वेढणाऱ्या सर्व भिंती, फरशी आणि छत. त्यात शेजारच्या फ्लॅटला लागून असलेल्या बाजूही येतात, आणि त्या बाजूंनी गळणारी हवाही आकड्यात येते. ही व्याख्या मला मान्य आहे, कारण ती मोजणीशी प्रामाणिक आहे: पंखा जी हवा ढकलतो ती कुठे गेली हे त्याला कळत नाही. पण बुरशीचा शोध घेत असाल तर शेजाऱ्याकडून येणारी हवा आणि बाहेरून येणारी दमट हवा यांत फरक करावाच लागतो. त्यासाठी शेजारच्या फ्लॅटमध्ये दुसरा पंखा लावून तिथला दाब आपल्याइतकाच ठेवतात, म्हणजे दोन घरांमधल्या भिंतीतून हवा जाण्याचे कारणच उरत नाही आणि उरलेली गळती बाहेरची असते. असे केलेले असेल तर अहवालात तसे स्पष्ट नमूद असले पाहिजे, कारण असा आकडा आणि साध्या चाचणीचा आकडा यांची तुलना होऊ शकत नाही.

चिऱ्याच्या घरांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. चिरा, म्हणजे जांभा, हा मुळातच सच्छिद्र दगड आहे, आणि गिलावा नसलेली चिऱ्याची भिंत सांध्यांतून हवा सोडते. म्हणजे अशा घरात हवा अडवणारा थर चिरा नसून त्यावरचा गिलावा आहे, आणि सीमेची रेषा त्या गिलाव्यावरून काढली पाहिजे. फॉल्स सीलिंगच्या वर, किचन ट्रॉल्यांच्या मागे आणि मीटरबोर्डाच्या पाठीशी गवंडी अनेकदा गिलावा अर्धवट सोडतो, कारण तो भाग दिसणार नसतो. अशा घरात खिडक्या बदलूनही आकडा हलत नाही. तेव्हा खिडकीवाल्याला दोष देण्याआधी फॉल्स सीलिंगमधले काढता येणारे झाकण काढून वरच्या पोकळीत विजेरी मारून पाहा.

जुन्या कौलारू घरात तर सीमा आधी ठरवल्याशिवाय चाचणीला अर्थच नाही. मंगलोरी कौलांखाली सलग छत नसेल तर पंखा कितीही मोठा लावला तरी दाब चढत नाही, आणि चढावा अशी अपेक्षाही नाही. ती घरे वारा खेळता राहावा म्हणूनच तशी बांधली आहेत. त्यातली एखादी एसीची खोली तेवढी तपासायची असेल, तर तिच्या चार भिंती, फरशी आणि तिचे स्वतःचे छत ही सीमा मानून तेवढ्याच खोलीची चाचणी करता येते.

‘बंद’ आणि ‘बुजवलेले’ यांत गल्लत

मूळ आकडाच वेगळा निघाला असेल, तर माझ्या मते सर्वाधिक तफावत इथून येते. आयएसओ ९९७२ मध्ये या दोन क्रियांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. एखादे भोक बंद करणे म्हणजे त्यावर जे झडप, दार किंवा शटर आधीपासून आहे तेवढेच मिटवणे, त्याची हवाबंदी आणखी वाढवण्यासाठी काहीही न करता. आणि मिटवायला काहीच नसेल तर ते भोक उघडेच राहते. बुजवणे म्हणजे टेप, फुगा, बूच अशा कोणत्याही साधनाने ते पूर्ण हवाबंद करणे. चाचणीची पहिली पद्धत वापरातल्या घराची आहे. तीत नैसर्गिक वायुविजनाची भोके नुसती बंद करतात. दुसरी पद्धत फक्त आवरणाची आहे. तीत मुद्दाम ठेवलेली वायुविजनाची भोके बुजवतात. खिडक्या आणि दारे मात्र दोन्ही पद्धतींत नुसती बंद करायची असतात. खिडकीच्या ट्रॅकवर मास्किंग टेप लावून घेतलेली चाचणी यांपैकी कोणत्याच पद्धतीत बसत नाही. आणखी एक तिसरी पद्धत विशिष्ट हेतूसाठी आहे, पण तीतही काय केले ते लिहून ठेवावे लागते.

आता आपल्या घरांतली भोके या व्याख्यांत बसवून पाहा. बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन अधूनमधून चालवायचा असतो, म्हणून पहिल्या पद्धतीत तो फक्त बंद करायचा आणि दुसऱ्या पद्धतीत बुजवायचा. त्याला आपोआप मिटणाऱ्या पट्ट्या असतील तर ठीक. पण स्वयंपाकघरात भिंतीला गोल भोक पाडून जाळीसकट बसवलेला, पट्ट्या नसलेला पंखा असेल, तर पहिल्या पद्धतीत ते अख्खे भोक उघडे राहते. एकाने पहिली पद्धत वापरली आणि दुसऱ्याने दुसरी, तर या एका भोकाने दोन अहवालांत फार मोठा फरक पडतो. खिडकीच्या वरची काचेच्या पट्ट्यांची लुव्हर हलवता येत असेल तर पट्ट्या मिटवायच्या. ती पक्की असेल तर पहिल्या पद्धतीत तशीच सोडायची. एसीच्या तांब्याच्या पाइपांसाठी पाडलेले भोक वायुविजनासाठी नाही, ते बांधकामातले अपुरे काम आहे. ते चाचणीपुरते टेपने झाकणे म्हणजे रोग झाकणे होय. नहाणीच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे गटाराची हवा अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या वाकात, पाणी आहे का हे मात्र आवर्जून पाहावे. वर्षातले अनेक महिने कुलूपबंद असणाऱ्या घरांत ट्रॅप कोरडे पडतात आणि गटाराच्या पाइपातून हवा मोकळी वाहते, तेव्हा चाचणीपूर्वी प्रत्येक ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतावे.

पट्ट्यांच्या एक्झॉस्ट फॅनमुळे आणखी एक कोडे पडते. घरात हवा भरून दाब वाढवला की त्या पट्ट्या बाहेर उघडतात, आणि हवा खेचून दाब कमी केला की त्या मिटून बसतात. म्हणून दोन दिशांच्या चाचण्यांचे आकडे भिन्न येतात. अंतिम आकडा म्हणून दोन्हींची सरासरी द्यायची की एकाच दिशेचा द्यायचा, हेही आधी लिहून ठेवलेले बरे.

चौरस सेंटीमीटरचा आकडा गवंड्याला देण्याआधी

अहवालाच्या शेवटी कधी कधी गळतीचे क्षेत्र दिलेले असते, म्हणजे सगळ्या फटी एकत्र केल्या तर केवढे भोक होईल. हा आकडा कामावरच्या माणसांना लगेच समजतो म्हणून तो लोकप्रिय आहे, पण त्याच्या दोन व्याख्या प्रचलित आहेत. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून रूढ झालेली व्याख्या ४ पास्कलला हिशेब करते आणि भोकातून हवा अडथळ्याविना जाते असे धरते. कॅनडाची व्याख्या १० पास्कलला हिशेब करते आणि धारदार कडेच्या भोकासाठी ०.६१ हा गुणांक लावते. आपल्या फ्लॅटसाठी, दाब आणि गळती यांच्या संबंधाचा घातांक नेहमीसारखा ०.६५ धरला, तर पहिल्या व्याख्येने सुमारे २५० चौरस सेंटीमीटर येतात आणि दुसरीने सुमारे ४७०. जवळपास दुप्पट. दुरुस्तीआधीचा आकडा कॅनडाच्या व्याख्येचा आणि नंतरचा अमेरिकेच्या व्याख्येचा असेल, तर एकही फट न बुजवता गळती निम्म्यावर आल्याचे दिसेल.

मघाचा घातांक अहवालात असतोच आणि तो वाचायला शिकावे. तो ०.५ ते १ च्या दरम्यान असला पाहिजे. याबाहेर गेला तर आकड्यावर चर्चा करण्यात अर्थ नाही. चाचणी चालू असताना कुठेतरी टेप निघाली, एखादे दार उघडले किंवा बाहेरचा वारा मध्येच बदलला असे समजून चाचणी पुन्हा घ्यावी. पंखा झाकून मोजलेला सुरुवातीचा आणि शेवटचा दाबही बघावा. तो ५ पास्कलपेक्षा जास्त असेल तर आयएसओप्रमाणे ती चाचणी ग्राह्य धरत नाहीत. दोनापावलासारख्या समुद्रालगतच्या जागी दुपारनंतर खारा वारा सुटला की असे सहज होते, आणि पावसाळ्यात तर वरच्या मजल्यांवर फार वेळा होते. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी.

दोन आकडे, जे या हिशेबात आणू नयेत

खिडकीच्या कॅटलॉगमध्ये ‘हवाबंदपणा वर्ग ४’ असे लिहिलेले असते. युरोपच्या ईएन १२२०७ मानकाप्रमाणे त्याचा अर्थ १०० पास्कलला खिडकीच्या दर चौरस मीटरमागे ताशी ३ घनमीटरपेक्षा कमी गळती. हा दाब वेगळा, भाजकही वेगळा, आणि प्रयोगशाळेत चौकट व्यवस्थित बसवून घेतलेल्या एका खिडकीचा तो आकडा आहे. चौकट आणि चिऱ्याची भिंत यांच्यामधल्या फटीविषयी तो काहीच सांगत नाही. अख्ख्या घराच्या ५ किंवा ८ च्या शेजारी तो ठेवू नये.

दुसरा आकडा इको निवास संहितेतला उघडणाऱ्या क्षेत्राचा. उष्ण-दमट विभागात, ज्यात आपण येतो, कार्पेट एरियाच्या किमान १६.६६ टक्के क्षेत्र उघडता येण्याजोगे असावे अशी तिची अपेक्षा आहे, आणि दोन पल्ल्यांच्या स्लायडिंग खिडकीचे निम्मेच क्षेत्र त्यात धरले जाते. ‘नियम तर भोके ठेवा म्हणतो आणि तुम्ही ती बुजवा म्हणता’ असा आक्षेप यावरून घेतला जातो. खिडकी उघडल्यावर किती वारा यावा आणि ती बंद केल्यावर किती गळावा हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत; चांगल्या घराने दोन्हींची उत्तरे द्यावीत.

त्याच अनुषंगाने, ५.९ हवाबदल म्हणजे घरात तासाला सहा वेळा ताजी हवा येते असे समजू नये. तो ५० पास्कलचा आकडा आहे. एरवीच्या दाबाचा हवाबदल काढण्यासाठी हा आकडा २० ने भागण्याचा एक ठोकताळा वापरात आहे, पण आत आणि बाहेर तापमानाचा फरक मोठा असणाऱ्या थंड प्रदेशांत तो रुळला आहे, आणि आपल्या हवामानात तो फरक लहान असतो. गॅसचा गीझर असलेल्या बाथरूमचा निर्णय या ठोकताळ्यावर कधीही घेऊ नये. तिथली कायमची जाळी किंवा लुव्हर जिवाच्या सुरक्षेसाठी आहे. ती चाचणीपुरती बुजवली असेल तर चाचणी संपताच टेप काढली का हे स्वतः जाऊन पाहावे, आणि पंखा चालू असताना गीझर व शेगडी पूर्ण बंद ठेवावी.

करारातली ओळ कशी असावी

उत्तीर्ण-नापासाचा वाद टाळायचा असेल तर करारात साधारण असा मजकूर घालावा: ‘चाचणी आयएसओ ९९७२:२०१५ च्या पहिल्या पद्धतीने घेतली जाईल. हवाबंद सीमा सोबत जोडलेल्या नकाशावर लाल रेषेने दाखवली आहे. बंदिस्त बाल्कनी तीत समाविष्ट आहे. दाब वाढवून आणि कमी करून अशा दोन्ही दिशांनी मोजणी होईल व ५० पास्कलच्या गळतीची सरासरी ग्राह्य धरली जाईल. घनफळ आतल्या एकूण मापांवरून, स्लॅबच्या तळापर्यंतच्या उंचीने, आतल्या भिंती वजा न करता काढले जाईल. कमाल मर्यादा ताशी ५ हवाबदल. बंद केलेल्या व बुजवलेल्या प्रत्येक भोकाची छायाचित्रांसह यादी, मापांचा तक्ता आणि प्रत्येक दाबाचे कच्चे वाचन अहवालासोबत दिले जाईल.’ मर्यादा कोणती ठेवायची हा मालकाचा आणि आर्किटेक्टचा निर्णय आहे, तसेच बाल्कनी आत की बाहेर हाही.

करार आधीच झालेला असेल आणि त्यात नुसताच ‘५’ असेल, तर पुन्हा चाचणी मागवण्याची घाई करू नका. दोन्ही अहवालांतून ५० पास्कलची संपूर्ण गळती शोधा, ती ताशी घनमीटरमध्ये आणा आणि पाच टक्क्यांच्या आसपास जुळते का पाहा. जुळत असेल तर दोन्ही बाजूंनी बसून एकच घनफळ आणि एकच आवरण ठरवावे आणि भागाकार पुन्हा करावा. यंत्र परत आणण्याची गरज नाही. जुळत नसेल तर बुजवलेल्या भोकांच्या याद्या समोरासमोर ठेवाव्यात. यादीच नसेल, तर ज्याची यादी नाही ती चाचणी त्याच्याच खर्चाने पुन्हा व्हावी, असा आग्रह धरायला हरकत नाही.